बादलीची नळी कशी होते?

घरातली प्लास्टिकची बादली फुटली की आपण ती भंगारवाल्याला देतो. तो ती काट्यावर तोलतो. कधी पैसे देतो, तर कधी बदल्यात लसूण देतो. पुढे त्या बादलीचे काय होते, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

जुन्या वस्तूची नवी वस्तू करणे आपल्याला नवे नाही. नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. चेपलेले जुने भांडे मोड म्हणून दुकानात द्यायचे आणि मोडीचे पैसे वजा करून नवे घ्यायचे, ही रीत फार जुनी. मोड भट्टीत वितळते आणि तिचे पुन्हा भांडे होते. तांबे कितीही वेळा वितळवले तरी ते तांबेच राहते. प्लास्टिक मात्र प्रत्येक वेळी वितळताना थोडे कमजोर होते. म्हणून त्याचे काम अधिक अवघड आहे.

हे काम नाशिक जिल्ह्यातच, मालेगावात, मोठ्या प्रमाणावर चालते. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठचे हे शहर यंत्रमागांसाठी सर्वांना माहीत आहे. पण तेथे प्लास्टिकच्या भंगाराचाही मोठा धंदा आहे. दूरदूरच्या गावांहून भंगाराचे ट्रक तेथे येतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचे काम सुरू होते. ते म्हणजे निवडणे. आपण सगळ्याला 'प्लास्टिक' म्हणतो, पण त्याचे अनेक प्रकार आहेत. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक अंक असतो. तो प्रकार सांगतो. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, शाम्पूच्या डबीवर बहुधा २. निवडणाऱ्यांना मात्र अंक पाहावा लागत नाही. वस्तू वाकवून, आवाज ऐकून त्या प्रकार ओळखतात. या कामात स्त्रिया पुष्कळ असतात. मला तर ही विद्याच वाटते, पण तिची मजुरी विद्येच्या मानाने थोडी असते.

इतके निवडायचे कशासाठी? बादलीचे प्लास्टिक सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते. पाण्याच्या बाटलीचे वितळायला सुमारे २५० अंश लागतात. दोन्ही एकत्र तापवले, तर बाटलीचा तुकडा खड्यासारखा तसाच राहतो. उद्या पाण्याचा दाब आला की नळी नेमकी तेथेच फुटते.

निवडलेले प्लास्टिक यंत्रात बारीक कापतात. त्या तुकड्यांना 'गिट्टी' म्हणतात. गिट्टी धुताना आणखी एक परीक्षा होते. बादलीची गिट्टी पाण्यावर तरंगते, बाटलीची बुडते. हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. बाटलीचा एक तुकडा आणि तिच्याच टोपणाचा एक तुकडा पाण्यात टाका. टोपणाचा तुकडा वर राहील!

गिट्टी वाळवून, वितळवून, जाळीतून गाळतात. मग तिचा दाणा करतात. हाच दाणा पुन्हा वितळवून साच्यातून लांब नळी काढतात. नळी काळी का असते? लाल, निळ्या, हिरव्या बादल्यांच्या मिश्रणाला चांगला रंग येत नाही, म्हणून त्यात काजळी मिसळतात. काजळीमुळे नळी उन्हातही लवकर तडकत नाही. अशी नळी शेतात पाणी नेण्यासाठी चालते. पिण्याच्या पाण्याला मात्र ती वापरू नये. त्या प्लास्टिकमध्ये पूर्वी काय ठेवले होते, कोण सांगणार?

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. गिट्टी धुतलेले घाण पाणी तसेच सोडले, तर ते गटारातून नदीला मिळते. चुकीचे प्लास्टिक तापले, तर त्याचा विषारी धूर कामगारांच्या छातीत जातो. पाणी गाळून पुन्हा वापरता येते, धूरही कमी करता येतो. पण त्याला खर्च येतो आणि तो टाळण्याकडे कल असतो.

आणि बादली येते तशा पातळ पिशव्या येथे येत नाहीत. एक किलो भरायला शेकडो पिशव्या गोळा कराव्या लागतात. त्यात भाजीचा चिखल असेल, तर धुण्याचा खर्च किमतीपेक्षा जास्त होतो. भंगारवाला ती उचलतच नाही. ती घंटागाडीत जाते, नाहीतर गटारात अडकते.