खिम्याचा रंग आणि बंद पाकीट

ब्रिटनमधील सेन्सबरीज या सुपरमार्केट साखळीने 2023 मध्ये गोमांसाचा खिमा प्लॅस्टिकच्या ट्रेऐवजी निर्वात पाकिटांतून विकायला सुरुवात केली. यामुळे प्लॅस्टिक किमान 55 टक्क्यांनी कमी लागते, असे कंपनीने सांगितले. बऱ्याच ग्राहकांना मात्र हा बदल रुचला नाही. लालभडक, मोकळ्या खिम्याच्या जागी दाबून बसवलेली जांभळट वडी हातात येऊ लागली आणि शिजवल्यावर तिचा गोळा होतो, अशा तक्रारी सुरू झाल्या. टेस्कोने त्याच वर्षी वेगळा मार्ग धरला. ट्रे काढून टाकला, पण आत हवा राहील अशी फुगीर पाकिटे आणली.

या वादात सर्वाधिक गैरसमज रंगाबद्दल आहे. मांसाला रंग येतो तो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. त्यात लोहाचा अणू असतो आणि तो ऑक्सिजन धरून ठेवतो. ऑक्सिजन मिळाला नाही तर मायोग्लोबिन जांभळट दिसते, मुबलक मिळाला तर चकचकीत लाल होते आणि लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की तपकिरी पडते. जुन्या ट्रेमध्ये साधी हवा नसे. त्यात 70 ते 80 टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांशी कार्बन डायऑक्साइड भरलेला असे. ऑक्सिजन रंग टिकवण्यासाठी आणि कार्बन डायऑक्साइड जिवाणूंची वाढ मंदावण्यासाठी. म्हणजे तो लाल रंग ताजेपणापेक्षा ट्रेमधल्या वायूची साक्ष देत होता. निर्वात पाकीट फोडून खिमा मोकळा केला आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवला, तर अर्ध्या तासाच्या आत तो पुष्कळसा लाल होतो. पाकीट उघडताच येणारा किंचित आंबूस वासही ताज्या मांसात लवकर जातो. तो टिकून राहिला किंवा खिमा चिकट लागला, तर मात्र टाकून द्यावा.

भरपूर ऑक्सिजनची किंमतही मोजावी लागते. त्यामुळे चरबी लवकर खवट होते. शिवाय अशा मांसातले मायोग्लोबिन आधीच ऑक्सिडीकरणाकडे झुकलेले असल्याने शिजताना ते कमी तापमानालाच तपकिरी होते. आतून पूर्ण शिजल्यासारखी दिसणारी टिक्की प्रत्यक्षात सुरक्षित तापमानाच्या बरीच खाली असू शकते. रंगावर विसंबण्यातला हा खरा धोका.

खिम्यात तो अधिक गंभीर होतो, कारण अख्ख्या तुकड्यावर जिवाणू बहुतेक पृष्ठभागावरच असतात आणि तव्यावर बाहेरची बाजू भाजली की मरतात. यंत्रातून काढताना हाच पृष्ठभाग सगळ्या मांसात मिसळतो, आणि कारखान्यातल्या एका घाण्यात अनेक जनावरांचे मांस एकत्र येते. 1993 मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ157:एच7 हा जिवाणू पसरला. 700 हून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. पुढच्या वर्षी तिथल्या कृषी खात्याने खिम्यातल्या या जिवाणूला भेसळ ठरवले. आज अमेरिकेत गोमांस, बोकड वा मेंढीच्या खिम्यासाठी 71 अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या खिम्यासाठी 74 अंश तापमान सांगितले जाते. ब्रिटनमध्ये 70 अंशांवर दोन मिनिटे. आपल्याकडचा मसाल्यात मुरवून शिजवलेला खिमा ही पातळी सहज ओलांडतो. काळजी घ्यायची ती जाड कबाब, टिक्की आणि बर्गर करताना, आणि तीही मधोमध थर्मामीटर खुपसून. कच्चा खिमा चाळणीत धुतल्याने जिवाणू मरत नाहीत, उलट ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात.

गोळा होण्याची तक्रार मात्र खरी आहे. दाबामुळे खिम्याचे धागे चपटे होऊन एकमेकांना चिकटतात आणि उष्णतेने प्रथिने घट्ट होताच ती वडी तशीच आखडते. म्हणून खिमा कढईत टाकण्याआधी हाताने मोकळा करावा. कढई चांगली तापलेली हवी आणि खिमा थोडाथोडाच घालावा. एकदम सगळा घातला की पाणी सुटते. ते आटेपर्यंत तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, तर खमंगपणा देणाऱ्या अभिक्रियांना वेग येतो 140 अंशांच्या आसपास. मीठ कधी घालायचे हेही महत्त्वाचे. मिठाने मायोसिन हे प्रथिन विरघळते आणि खिमा एकजीव होतो. कबाबासाठी मीठ घालून मळणे योग्य, पण मोकळ्या खिम्यात ते परतून झाल्यावर घालावे.

पर्यावरणाच्या बाजूने हिशेब इतका सरळ नाही. निर्वात पाकिटाला ऑक्सिजन अडवणारी बहुस्तरीय फिल्म लागते आणि वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे चिकटलेले थर वेगळे करणे अवघड असते. जुना ट्रे मात्र बहुधा एकाच प्लॅस्टिकचा असल्याने त्याचा पुनर्वापर सोपा. तरीही वजनाने कमी प्लॅस्टिक, लहान आकारामुळे वाहतुकीत वाचणारी जागा आणि अधिक दिवस टिकणारे मांस पाहता निर्वात पाकीटच सरस ठरते. खरेदी करताना रंगाऐवजी वापरण्याची अंतिम तारीख, चरबीचे प्रमाण आणि पाकीट कुठे फुगले वा फाटले आहे का, एवढे पाहावे; घरी आणल्यावर खिमा 5 अंशांखाली ठेवावा आणि पाकीट उघडल्यावर एकदोन दिवसांत संपवावा.