मणक्याच्या ऑपरेशनआधीचे दोन महिने

माझ्या मावशीचं कमरेचं ऑपरेशन ठरलं होतं. दोन मणके स्क्रू आणि रॉडने एकमेकांना जोडायचे, म्हणजे फ्यूजन. तारीख मिळाली, इन्शुरन्सची मंजुरी आली, मामा गावाहून रजा टाकून आला. फक्त ‘फिटनेस’ घ्यायची राहिली होती. ती घ्यायला मावशी गेली आणि ऑपरेशन दोन महिने पुढं गेलं. घरात सगळे चिडले. मीही चिडले होते. त्या दोन महिन्यांत जे विचारलं, वाचलं आणि पाहिलं, त्यातून माझेच बरेच गैरसमज गेले. ते इथं मांडते.

‘फिटनेस म्हणजे फिजिशियनची सही’

सही शेवटी होते. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं: या शरीराला नेमकं काय सोसावं लागणार आहे? मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये पेशंटला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात, तेही अनेकदा चार-पाच तास किंवा त्याहून जास्त. पोटावर दाब आला तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो, म्हणून पोट मोकळं राहील अशा खास उशा किंवा टेबल वापरतात. चेहरा आणि डोळे यांवर दाब येऊ नये याची सतत काळजी घ्यावी लागते. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं हे सगळं किती पेलतील याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. त्यामुळे उत्तर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढ्या दोन शब्दांत क्वचितच येतं. धोका किती आहे आणि त्यातला किती कमी करता येईल, असं ते असतं.

यात मणक्याच्या रुग्णांची एक खास अडचण आहे. ‘दोन जिने न थांबता चढता का?’ हा हृदयाची ताकद जोखायचा जुना, चांगला प्रश्न. पण वर्षभर पायांत मुंग्या येताहेत, भाजी आणायलाही जाता येत नाही, अशा माणसाला त्याचं काय उत्तर देता येणार? त्याला दम लागत नाही, छातीत दुखत नाही, कारण हृदयावर ताण पडेल इतकं तो चाललेलाच नसतो. मधुमेह, जुना हृदयविकार असं काही असेल तर अशा वेळी औषध देऊन हृदयाची गती वाढवतात आणि ताणाखाली ते कसं चालतं हे पाहतात. ‘आईला हृदयाचा काही त्रास नाही, मग ही तपासणी कशाला?’ असं रागानं विचारण्याआधी हे लक्षात घ्यावं.

उलट बाजूही खरी आहे. सरसकट सगळ्या तपासण्या केल्या म्हणजे ऑपरेशन सुरक्षित झालं, असं नाही. तरुण, निरोगी, काही लक्षण नसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी इको लागतोच असं नाही. ‘या तपासणीच्या रिपोर्टनं तुमचा निर्णय बदलणार आहे का?’ हे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

‘मी तंबाखू खात नाही’

मावशीला तीन ठिकाणी विचारलं गेलं: सिगारेट? तंबाखू? तिनं तिन्ही वेळा ‘नाही’ सांगितलं आणि तिच्या मते ते खरंच होतं. भूलतज्ज्ञ बाईंनी मात्र वेगळं विचारलं: ‘मिशरी लावता का?’ ‘हो, सकाळ-संध्याकाळ.’

मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फ्यूजनमध्ये स्क्रू आणि रॉड मणक्यांना फक्त तात्पुरतं धरून ठेवतात. खरा जोड नव्या हाडाचा असतो. ते तयार व्हायला सहा महिने ते वर्षही लागतं आणि त्याला भरपूर रक्तपुरवठा हवा असतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा जोड न जुळण्याचं आणि जखम चिघळण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून मिशरीसकट सगळी तंबाखू किमान चार आठवडे आधी थांबवायला सांगतात आणि नंतरही काही महिने हात लावायचा नाही. आपल्या कितीतरी आया-मावश्यांना मिशरी हे दंतमंजनच वाटतं. घरच्यांनीच ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. यात लाज कसली?

‘साखर, रक्त ऑपरेशनच्या वेळी बघून घेतील’

मावशीची सकाळची साखर बरी होती, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 9.4 आली. बऱ्याच ठिकाणी ती 8 च्या आत, जमल्यास त्याहून खाली आणायला सांगतात, कारण वाढलेल्या साखरेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्क्रूभोवती पू झाला तर पुन्हा पाठ उघडावी लागू शकते.

हिमोग्लोबिन होतं 9. बाईचं 12 च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया त्यात मोडल्या. म्हणजे आपल्याला ते ‘नेहमीचंच’ वाटतं. ‘बाटली चढवतील की!’ असं आमच्याकडेही कुणीतरी म्हणालं. पण लोहाची कमतरता असेल तर गोळ्यांनी किंवा सलाइनमधून लोह देऊन काही आठवड्यांत स्वतःचंच रक्त वाढवता येतं. दुसऱ्याचं रक्त कमी लागणं केव्हाही चांगलं. साठीच्या पुढच्या बाईनं हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, झाली आहे का हेही विचारावं. ठिसूळ हाडात स्क्रू नीट पकड घेत नाही.

‘आठवडाभर आधी सगळ्या गोळ्या बंद’

ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बहुधा काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण स्टेंट बसवलेल्यानं त्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तो निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यायचा. हृदयासाठी, रक्तदाबासाठी दिलेले बीटा ब्लॉकर एकदम तोडायचे नसतात, बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉइड्स तर अजिबातच नाही. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मात्र तीन दिवस आधी थांबवतात, कारण साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तातलं आम्ल वाढू शकतं. आणि ‘आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं’ असं म्हणून चूर्ण, अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल लपवू नयेत. डबाच घेऊन जावा.

‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको’

जेवण, दूध, दुधाचा चहा किमान सहा तास आधी बंद. तळलेलं, जड जेवण आठ तास आधी. साधं पाणी मात्र बहुतेकांना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. मधुमेहात पोट उशिरा रिकामं होऊ शकतं. वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असली तरी तसंच, म्हणून ती आवर्जून सांगावीत.

औषधांखेरीजची तयारी म्हणून मावशीनं ते दोन महिने फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र रोज ओढलं (नाव फुंकायचं, पण श्वास आत घ्यायचा असतो), पाठ न पिळता ओंडक्यासारखं कुशीवर वळायला शिकली आणि मोरीत कमोडची खुर्ची आणून ठेवली.

‘घाई कधीच करू नये’

एक प्रसंग याला अपवाद आहे. कंबरदुखीच्या माणसाला अचानक लघवी होईनाशी झाली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, शौचाची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, पायांतली ताकद भराभर कमी होऊ लागली, तर खालच्या नसांचा सगळा जुडगा दबलेला असू शकतो. तिथं तास मोजायचे असतात. साखर, हिमोग्लोबिन, फिटनेस सगळं तिथंच, चालता चालता पाहतात. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये. रात्रीच, जिथं एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात गाडी न्यावी.