इफ्तारला घरी कोणत्या रस्त्याने?

रमजानमध्ये हिंजवडीच्या ऑफिसातून निघताना मला रोज दोन प्रश्न पडतात. आज इफ्तार किती वाजता? आणि आज कोणत्या रस्त्याने?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मशिदीतून मिळालेलं छोटं वेळापत्रक पाकिटात असतं. सूर्य मावळला की मगरिबची अजान आणि रोजा सोडायचा, एवढं साधं गणित. यंदा ती वेळ पावणेसातच्या आसपास आहे, म्हणजे ऐन गर्दीची.

आमचा महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१५-१६ साली तो जून-जुलैत होता. तेव्हा सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास, त्यामुळे पावसात भिजत का होईना, घरी पोचायला वेळ मिळायचा. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. तेव्हा इफ्तार सहाच्या आसपास येईल. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र संकष्टी करतो. ती बहुधा आमच्या सोळाव्या-सतराव्या रोजाच्या आसपास येते. तो म्हणतो, "बरंय बाबा, आमचा चंद्र नऊनंतर उगवतो. तुझा सूर्य नेमका ट्रॅफिकमध्ये मावळतो."

दुसरा प्रश्न अवघड. हिंजवडी ते कोंढवा, हायवेने साधारण तीस किलोमीटर. भूमकर चौकातून मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लागायचं. बालेवाडी, चांदणी चौक, वारजे, नवले पूल, मग कात्रज आणि घर. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवा २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. तिथली कोंडी सुटली असं वाटेपर्यंत ती पुढच्या चौकात जाऊन उभी राहिली. शिवाय नवले पुलाची धास्ती. नव्या बोगद्यातून उतरणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका कंटेनरने कितीतरी गाड्यांना धडक दिली. तो उतार साताऱ्याकडून येणाऱ्या बाजूला आहे, म्हणजे मला सकाळी जाताना लागतो. पण त्या रात्रीनंतर अम्मी सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळेला दुआ करते.

दुसरा मार्ग आतला. चांदणी चौकातून कोथरूड, कर्वेनगर, राजाराम पूल, मग बिबवेवाडी, गंगाधाम आणि कोंढवा. अंतर थोडं कमी, पण वळणं आणि सिग्नल फार. मोबाईलमधला नकाशा मधूनच एखादी गल्ली दाखवतो, 'चार मिनिटं वाचतील' असं आमिष दाखवून. रोजाच्या शेवटच्या तासात, घसा कोरडा आणि डोकं जड असताना, चार मिनिटं म्हणजे खजिना वाटतो.

कित्येक वर्षं मी त्या गल्ल्यांतूनच गाडी पळवली. एखाद्या दिवशी दहा मिनिटं वाचायची. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी किंवा लग्नाचा मांडव आडवा आला की वीस जास्त लागायची. पण लक्षात राहायची ती वाचलेली दहा. हायवे हळू होता, पण रोज जवळपास सारखाच हळू होता. हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते एका संध्याकाळी, कर्वेनगरच्या एका गल्लीत. इफ्तारला बारा मिनिटं उरली होती. वळणावर चेंडूमागे धावत एक सहा-सात वर्षांचा मुलगा समोर आला. ब्रेक लागला, गाडी घसरली, मुलगा हातभर अंतरावर थांबला. कोणाला काही झालं नाही. ओट्यावरून एक आजी उठून आल्या. मी म्हणालो, "चुकलं आजी. रोजा आहे, घरी पोचायची घाई होती."

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज या वेळेला तुम्ही सगळे इथूनच पळता. कोणाला रोजा सोडायचा असतो, कोणाला क्लासला जायचं असतं. दिवेलागणीला पोराला अंगणात सोडायची भीती वाटते आम्हाला."

अजान झाली तेव्हा मी रस्त्यातच होतो, म्हणजे वाचवलेला वेळही गेला. घरी पोचलो तर अम्मी दारात माझ्या मुलीवर रागावत होती. शेजारच्या काकूंकडे इफ्तारचं ताट घेऊन निघालेल्या पोरीला तिने हाताला धरून मागे ओढलं होतं. कोंढव्याचा मुख्य रस्ता तुंबला की दुचाक्या आमच्या गल्लीत घुसतात. अम्मी तावातावाने म्हणाली, "यांच्या घरी पोरंबाळं नाहीत का?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार? दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत मीच तो दुचाकीवाला होतो.

त्या शुक्रवारी नमाजनंतर मशिदीतल्या मौलानांना विचारलं. इफ्तारला उशीर करू नये असं सांगितलंय, मग मी घाई केली तर चूक काय? ते हसले. म्हणाले, सूर्य मावळल्यावर विनाकारण थांबू नका, एवढाच त्याचा अर्थ. एक खजूर, तो नसेल तर घोटभर पाणी, आणि रोजा सुटला. तो घरच्या दस्तरख्वानावरच सुटला पाहिजे असं कुठे आहे? मग त्यांनी मला वाटेच्या हक्काची आठवण दिली. पैगंबरांनी रस्त्याकडेला बसणाऱ्यांना सांगितलं होतं की वाटेचाही हक्क असतो. नजर खाली ठेवावी, सलामाला उत्तर द्यावं, कोणाला त्रास देऊ नये. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही ईमानचाच भाग. मौलाना म्हणाले, "वाटेतला दगड उचलायला सांगितलंय. आपणच दगड होऊन आडवं यायचं नाही."

तेव्हापासून मी हायवेनेच येतो. आमच्या साहेबांना विचारून महिनाभर सकाळी आठची वेळ घेतली. सहरीसाठी पहाटे उठलेलोच असतो, त्यामुळे जड जात नाही. संकष्टीवाला मित्र संध्याकाळचं काम सांभाळतो. त्याच्या गणपतीच्या दहा दिवसांत मी त्याचं सांभाळतो. एवढं करूनही कोंडी झाली, तर अजानच्या पाच मिनिटं आधी वारज्याला सर्व्हिस रोडवर उतरतो. तिथे एक चहाची टपरी आहे. गाडी नीट बाजूला लावतो आणि डबा उघडतो. तीन खजूर, कलिंगडाच्या फोडी, पाण्याची बाटली. कधी शेजारी एखादा ट्रक ड्रायव्हरही गमछ्यात बांधलेला खजूर सोडत असतो. आम्ही एकमेकांचं नाव विचारत नाही, फोडी मात्र वाटून खातो. पोटात पाणी गेलं की डोळ्यांसमोरचा रस्ता स्वच्छ दिसतो, मग पुढचे किलोमीटर जड वाटत नाहीत.

सुरुवातीला अम्मीला हे पटलं नव्हतं. सगळं घर ताटावर बसलंय आणि मुलगा रस्त्यावर रोजा सोडतोय, हे तिला लागायचं. आता सकाळी डबा तीच भरते. परवा अजान होताच तिचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"वारज्याला. खजूर खाल्ला."

"मग सावकाश ये. भजी झाकून ठेवलीत."