बाराटांगची सहल: घ्यावी की सोडावी?

समजा, तुम्ही दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले. साडेसहा टक्के व्याज धरले तर चोवीस हप्त्यांनंतर हातात साधारण १,२८,००० रुपये येतात. हे पैसे अंदमानसाठीच होते. एप्रिलमध्ये जायचे ठरले: तुम्ही नवरा-बायको, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि सत्तरीतल्या आई. विमानाची तिकिटे झाली, हॉटेल झाले, हॅवलॉकची (आताचे स्वराज द्वीप) बोटही झाली. पाच रात्री, सहा दिवस.

मग एजंटचा फोन येतो. "चौथा दिवस मोकळा दिसतोय. बाराटांग टाकू का? अंदमानला जाऊन बाराटांग नाही केलं, तर काय केलं?"

अशा वेळी बहुतेक घरांत उत्तर दोन मिनिटांत दिले जाते. एवढे खर्च करतोच आहोत, त्यात आणखी थोडे, असे म्हणून होकार जातो. दोन वर्षे हप्ता न चुकवणारा माणूस त्या दोन मिनिटांत दोन-अडीच हप्त्यांचा निर्णय करून मोकळा होतो. तो निर्णय चूक असेलच असे नाही. पण तो कसा करायचा ते आधी पाहू.

या सहलीत नेमके काय असते

बाराटांग हे बेट पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्री विजयपुरम) उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. अंतर फार वाटत नाही, पण वेळ अंतरावर ठरत नाही. हॉटेल पहाटे साडेतीन-चारला सोडावे लागते. जिरकाटांगच्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग लागते, कागदपत्रे पाहिली जातात आणि ठरलेल्या वेळी सगळ्या गाड्या एकामागोमाग ताफ्याने सोडल्या जातात. पुढचा रस्ता जारवा या आदिवासी समाजासाठी राखीव असलेल्या जंगलातून जातो. तिथे थांबायचे नाही, उतरायचे नाही, फोटो काढायचा नाही. मग मिडल स्ट्रेटची खाडी, पुढे छोट्या मोटरबोटीतून कांदळवनाच्या अरुंद फाट्यात शिरायचे, उतरून दीड-एक किलोमीटर चालायचे आणि चुनखडीच्या गुहेत पोचायचे. छतावरून खाली लोंबणारे लवणस्तंभ बघायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. वेळ उरला तर चिखलाचा ज्वालामुखी. नावावरून मोठे काही डोळ्यांसमोर येते, पण एरवी दिसते ते बुडबुडे येणारे चिखलाचे लहानसे डबके. आधीच सांगितलेले बरे.

परतीलाही पुन्हा ताफा. हॉटेलवर पोचेपर्यंत दुपार कलते, कधी संध्याकाळही होते.

यातला बोटीचा प्रवास खरोखर सुंदर आहे. दोन्ही बाजूंनी कांदळाची मुळे पाण्यात उतरलेली, वर फांद्यांची कमान. ज्यांना तो आवडतो त्यांना पहाटेच्या जागरणाचे काही वाटत नाही.

हिशेब फक्त बदलणाऱ्या पैशांचा

आता पैसे. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या वेळचे दर विचारून तेच आकडे तुम्ही मांडा. चौघांसाठी वेगळी गाडी ७,००० रुपये. बोटीचे माणशी १,००० म्हणजे ४,०००. परवाना, फेरीबोट, चहा-नाश्ता मिळून १,५००. एकूण १२,५००. नाश्ता यात का धरला? तुमच्या हॉटेलच्या भाड्यात तो आधीच भरलेला आहे, पण साडेतीनला निघाल्यावर तो मिळत नाही, आणि वाटेत दुसऱ्यांदा पैसे देऊन खावे लागते. दुपारचे जेवण मात्र धरले नाही, कारण ते कुठेही असलात तरी करणारच होतात.

इथे एक चूक नेहमी होते. लोक सबंध सहलीचा खर्च दिवसांनी भागतात. सव्वा लाख भागिले सहा, म्हणजे एक दिवस वीस हजारांना पडला, मग तो "वाया" कसा घालवायचा? हा हिशेब वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो निर्णयाच्या कामाचा नाही. विमानाचे आणि हॉटेलचे पैसे तुम्ही बाराटांगला गेलात तरी गेलेले आहेत आणि शहरात थांबलात तरी गेलेले आहेत. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आकडा तराजूतून काढून टाकावा. पाहायचे ते एवढेच की, हो म्हटल्याने काय बदलते आणि नाही म्हटल्याने काय बदलते.

नाही म्हटले तर तो दिवस रिकामा थोडाच जाणार आहे? सकाळी सेल्युलर जेल, दुपारी समोरच्या रॉस बेटाची (आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बोट, मध्ये रिक्षा. समजा ३,००० रुपये. मग बाराटांगची खरी किंमत १२,५०० वजा ३,००० म्हणजे ९,५०० झाली. तुमच्या ठेवीचे जवळजवळ दोन हप्ते. रुपयांपेक्षा हप्त्यांत मोजले की पटकन कळते, कारण तो हप्ता भरताना कशाला नाही म्हटले होते ते घरात प्रत्येकाला आठवत असते.

सहल पॅकेजमध्येच धरलेली असेल तर एजंटला एकच प्रश्न विचारा: "बाराटांग काढले तर किती कमी होतील?" तो जो आकडा सांगेल तीच तुमच्यासाठी त्या सहलीची किंमत, माहितीपत्रकावर काहीही छापलेले असो. "काहीच कमी होणार नाही" असे उत्तर आले तर पैशाचा प्रश्नच संपला. मग फक्त वेळ आणि गुडघे पाहून ठरवा.

तासांचा जमाखर्च

पहाटे साडेतीन ते दुपारी चार म्हणजे साडेबारा तास. त्यात बोट जाऊन-येऊन तासभर, चालणे आणि गुहा दीड तास, चिखलाचे डबके अर्धा तास. ज्यासाठी गेलो ते एकूण तीन तास. उरलेले साडेनऊ तास गाडीत, रांगेत आणि धक्क्यावर. मुलीला गाडीत झोप लागेल. आईंना लागेल का?

शिवाय आदल्या संध्याकाळचा आणि त्या रात्रीचाही विचार हवा. साडेतीनला निघायचे तर नऊला झोपायला हवे. अंदमान आपल्या घड्याळाच्या मानाने फार पूर्वेला असल्याने तिथे सूर्य लवकर मावळतो, थंडीच्या दिवसांत तर पाचच्या सुमारास. म्हणजे "परत आल्यावर समुद्रावर जाऊ" हा बेत बहुधा कागदावरच राहतो. सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाश कार्यक्रम संध्याकाळी असतो, पण बारा तास हाडे खिळखिळी करून आलेला माणूस खुर्चीत डुलक्या देतो.

आता या कुटुंबाकडे पाहा. आईंनी अंदमानचे नाव काढल्या दिवसापासून एकच सांगितले आहे: सावरकरांची कोठडी शांतपणे बघायची. १९११ ते १९२१ एवढा काळ तो माणूस तिथे कसा राहिला ते त्यांना बघायचे आहे. जेलला तुम्ही पहिल्या दिवशी, विमानातून उतरल्या उतरल्या घाईने जाणार होता. चौथा दिवस मोकळा ठेवला तर त्यांना तिथे अख्खी सकाळ मिळते. मुलीला मात्र भूगोलाच्या पुस्तकातले लवणस्तंभ डोळ्यांनी बघायचे आहेत. दोघींचेही खरे आहे. म्हणून हा प्रश्न नुसत्या बेरीज-वजाबाकीने सुटत नाही.

मधूनच परत फिरता येत नाही

मुदत ठेव मोडायची तर दंड भरून का होईना मोडता येते. काही योजनांत मात्र ठरावीक काळ पैसे काढताच येत नाहीत. बाराटांग या दुसऱ्या प्रकारातले आहे. जिरकाटांगचा नाका ओलांडल्यावर आईंना उलटी झाली, चक्कर आली, तरी गाडी वळवता येत नाही. परतीच्या ताफ्याची वेळ होईपर्यंत थांबावेच लागते, आणि तो ताफा चुकला तर पुढच्याची वाट पाहावी लागते. रॉस बेटावर दमल्या तर थोड्या वेळाच्या बोटीने परत. दोन्ही सहलींचे पैसे सारखे असते तरी हा फरक मोठा आहे. घरात कोणाला हृदयाचा, साखरेचा, गुडघ्याचा त्रास असेल तर त्या व्यक्तीसाठी माझे उत्तर सरळ नाही असे आहे.

याच कारणाने परतीच्या विमानाच्या दिवशी ही सहल कधीच घेऊ नये. एखादी गाडी बंद पडली की नव्या तिकिटांचा खर्च सहलीच्या कितीतरी पट होतो.

बिलात न दिसणारी एक गोष्ट

काही गाडीवाले हळूच सांगतात, "वाटेत जारवा दिसतील." सहल घेण्याचे कारण हे असेल तर ती घेऊ नका. जारवांचे फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे, त्यांच्यासाठी गाडी थांबवणे हा गुन्हा आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि राखीव क्षेत्रातील गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाची शिक्षा कडक झाली. बाहेरच्या माणसांचे साधे आजारही या लहानशा समाजाला महागात पडतात. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या प्रदेशातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. हे सगळे कळल्यावर त्या रस्त्याने जायचेच नाही असे ठरवणारी माणसेही आहेत, आणि त्यांचा हिशेब मला चुकीचा वाटत नाही. पैसे मोजून गंमत म्हणून पाहायची वस्तू माणूस नव्हे.

हे दुसरीकडे मिळेल का?

खर्चाच्या प्रत्येक निर्णयात हा प्रश्न उपयोगी पडतो. चुनखडीच्या गुहा पाहायला समुद्र ओलांडायलाच हवा असे नाही. विशाखापट्टणमहून अरकूच्या वाटेवर बोर्रा गुहा आहेत, आंध्रातच बेलम गुहा आहेत, बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कुटुमसर आहे. हैदराबाद, रायपूर किंवा नागपूरच्या वाचकाला त्या एखाद्या लांबलेल्या शनिवार-रविवारी, रेल्वेच्या भाड्यात बघता येतील. सेल्युलर जेल आणि हॅवलॉकचे पाणी मात्र पुन्हा विमानाचे तिकीट काढल्याशिवाय दिसणार नाही. जे फक्त तिथेच आहे त्याला आधी वेळ द्यावा, उरलेला वेळ बाकीच्याला.

उलट, तुम्ही रंगत, मायाबंदर, दिगलीपूर असे उत्तरेकडे जाणारच असाल तर गोष्ट वेगळी. बाराटांग त्याच रस्त्यावर लागते. तेव्हा जास्तीचा खर्च फक्त बोटीचा आणि काही तासांचा, आणि तेवढ्यात गुहा जरूर बघावी. सात-आठ रात्रींची सहल असणाऱ्यांनाही एक दिवस सहज देता येतो.

आपल्या कुटुंबासाठी एक तिसरा मार्ग आहे, जो एजंट सहसा सुचवत नाही. चौघांनी एकत्रच गेले पाहिजे असे कोणी सांगितले? वडील आणि मुलगी दोघांनी इतर प्रवाशांसोबतच्या गाडीत जागा घ्याव्यात. माणशी १,५०० गाडीचे, १,००० बोटीचे, वरखर्च धरून दोघांचे ५,५०० रुपये. सासू-सून जेलमध्ये निवांत सकाळ घालवतील आणि जमले तर दुपारी रॉसला जातील, त्यांचे १,५००. एकूण ७,०००. सगळे शहरात थांबण्यापेक्षा ४,००० जास्त, म्हणजे एका हप्त्याहून कमी, आणि ज्याला जे हवे ते मिळाले. बायकोलाही गुहा बघायची असेल तर आईंजवळ कोण थांबणार, हे अर्थात घरातच मिटवायचे.

आगाऊ पैसे आणि पहाटे तीनचा गजर

समजा तुम्ही १२,५०० आधीच भरले आणि त्या पहाटे आईंचे पाय सुजलेले आहेत. "पैसे गेलेच आहेत, आता जाऊच" असे तोंडून निघते. याला बुडीत खर्च म्हणतात. गेलात तरी ते पैसे परत येणार नाहीत, न गेलात तरी येणार नाहीत. त्यामुळे त्या क्षणी विचार फक्त पुढच्या बारा तासांचा करायचा: फुकट असते तर आज गेलो असतो का? उत्तर नाही असेल तर गजर बंद करा. जे जाऊ शकतात ते जातील.

ही वेळ शक्यतो येऊ नये म्हणून बुकिंग करतानाच व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या: खराब हवामानामुळे बोट बंद राहिली तर किती परत मिळणार, आपण रद्द केले तर किती तास आधी कळवायचे, त्या वारी गुहा उघडी असते का, आणि बोटीचे पैसे या रकमेत धरले आहेत की धक्क्यावर वेगळे द्यायचे. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, थोडी अनामत पुरते. सगळ्यांची मूळ ओळखपत्रे बरोबर ठेवा. वाटेत मोबाइलला रेंज नसते, म्हणून लागेल तेवढी रोख आदल्या दिवशीच शहरात काढून घ्या.