कुष्ठरोग आणि वंशाचा संशय

गोंदिया जिल्ह्यात, किंबहुना सबंध पूर्व विदर्भात, सोयरीक जुळविण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, असे आरोग्य खाते सांगत आले आहे. हा सल्ला शास्त्राला धरून आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो विकार होण्याची शक्यता चारात एक असते. परंतु याच मुलखातून कुष्ठरोगाचाही मुक्काम अद्याप हललेला नाही. ‘कुष्ठरोगाचाही जनुकांशी संबंध आहे’ हे अर्धवट कानी पडलेले वाक्य सिकलसेलच्या सवयीने समजून घेतले गेले, तर त्याचा अर्थ एकच होईल : ते घर टाळा.

हा संशय जुना आहे. नॉर्वेतील डॅनियलसन व बोएक यांनी १८४७ च्या ग्रंथात कुष्ठरोग आनुवंशिक ठरविला. डॅनियलसन यांनी रुग्णाच्या गाठींतील द्रव्य स्वतःला टोचूनही घेतले. रोग झाला नाही. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू दाखवून दिला. हे हॅन्सन डॅनियलसन यांचेच जावई! वरोऱ्याच्या आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनीही प्रयोगासाठी जंतू टोचून घेतले आणि त्यांनाही रोग झाला नाही, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. यात चमत्कार नाही. शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला पुरून उरते.

उरलेल्या थोड्यांचेच काय बिनसते, हा खरा प्रश्न, आणि तेथे जनुके येतात. चक्रवर्ती व फोगेल यांनी १९७३ मध्ये भारतातील जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या सुमारे ६० टक्के जोड्यांत दोघांनाही रोग होता, द्विबीज जुळ्यांत हे प्रमाण २० टक्के होते. पुढे, आतड्यांचा जुनाट दाह असलेल्या क्रोन विकाराशी २००१ मध्ये जोडले गेलेले ‘नॉड-टू’ हे जनुक २००९ मध्ये चीनमधील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातही आढळले. तेव्हा प्रवणता आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जुळ्यांचे आकडे उलट बाजूनेही वाचले पाहिजेत. रक्त तेच, बहुधा घरही तेच, तरीही एकबीज जुळ्यांच्या शंभरातील चाळीस जोड्यांत दुसरे भावंड निरोगी राहिले. जंतूवाचून ही प्रवणता काहीच करू शकत नाही, आणि जंतू येतो तो उपचार न झालेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातून.

हा सहवास लांबतो कशामुळे? चट्टा बधिर असतो, दुखत नाही. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी रोवणीच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी कोण बुडविणार? विडी वळणाऱ्या बोटांची संवेदना जाऊ लागली, की मग दवाखाना आठवतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून पुरस्कारलेला बहुऔषधी उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो. तो सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि सुरू होताच संसर्गाचे भय झपाट्याने ओसरते.

तरीही चट्टा लपविला जातो, कारण घरात लग्नाची मुलगी असते. लपलेला रुग्ण त्याच घरातील दुसऱ्याला रोग देतो. आणि दुसरा रुग्ण निघाला, की गाव म्हणते, ‘पाहा, घराण्यातच आहे.’ संशय स्वतःचा पुरावा असा स्वतःच निर्माण करतो. २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले, हे योग्यच झाले. परंतु न जुळलेल्या सोयरिकीपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही.

रुग्णाच्या सहवासातील माणसांना रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याची सोय आता झाली आहे. त्यासाठी घरातील प्रत्येकाची तपासणी व्हावी लागते. आरोग्यसेविका दारात येऊन माणसे मोजू लागते, तेव्हा उपवर मुलगी बहुधा ‘मामाकडे गेलेली’ असते.