जहाजाची एक खोली, तीन माणसे : बयाणा देण्याआधी हिशेब करा

गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मग आमच्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी जहाजाच्या खोल्यांची चौकशी कशाला करावी, असे वाचक बांधव विचारतील. कारण साधे आहे. वर्षाचा कोटा पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला कंपन्या पूर्वी घड्याळ, मिक्सर नाहीतर स्कूटर देत. नंतर बँकॉक, दुबईच्या सहली आल्या. आता त्या यादीत जहाजाची सफरही आली आहे. बहुतेक वेळा पॅकेज दोघांचे असते आणि घरातून तिसरा माणूस निघतोच. कधी म्हातारी आई, कधी जाणता मुलगा, कधी भागीदार. कंपनीचा माणूस म्हणतो, "काही हरकत नाही, त्याच खोलीत तिसरा बेड टाकू, थोडे पैसे भरा." या "थोड्या पैशां"चा आणि त्या "तिसऱ्या बेड"चा खुलासा करावा, यासाठी हा लेख.

पूर्वीची जहाजे आणि आजची

जहाजाचा प्रवास आमच्या समाजाला नवा नाही. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. सुमारे आठवडाभराच्या त्या प्रवासात मोजक्या लोकांना खोल्या मिळत. बाकीचे यात्रेकरू एकावर एक असलेल्या बंकांवर झोपत. तिथे मुक्काम गाठायचा होता, म्हणून गैरसोय हसत सोसली जाई.

आजच्या सफरीच्या जहाजाचा उद्देश आराम हा आहे. मुंबईहून ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्यासाठी 'आंग्रिया' सुरू झाले होते. त्यात सामायिक दालनापासून स्वतंत्र खोलीपर्यंत निरनिराळे दर्जे होते. ते आता चालत नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने 'एम्प्रेस' या जहाजाने मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरी सुरू केल्या. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले. लांबी सुमारे २११ मीटर, खोल्या सुमारे ८००. बांधणीचे साल मुद्दाम सांगितले. त्या काळात जहाजांच्या खोल्या लहान ठेवत आणि बाल्कनीच्या खोल्या थोड्याच असत. अलीकडच्या मोठ्या जहाजांत बाल्कनी ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. म्हणून जाहिरातीतले छायाचित्र पाहताना प्रथम विचारावे की, ते कोणत्या जहाजाचे आणि कोणत्या दर्जाच्या खोलीचे आहे.

खोलीचे प्रकार

खोल्या साधारण चार प्रकारच्या असतात. पहिली आतली खोली, जिला खिडकी नसते. दिवा बंद केला की दिवसासुद्धा रात्र. दुसरी समुद्राकडे खिडकी असलेली. ही खिडकी उघडत नाही, फक्त उजेड आणि दृश्य देते. तिसरी बाल्कनीची. चौथी मोठी खोली, म्हणजे सुइट, जिच्यात बसण्याची जागा वेगळी असते.

आम्ही कापड घेताना आधी पन्हा पाहतो, मग रंग. खोलीचेही तसेच करावे. जुन्या धाटणीच्या जहाजात आतली खोली साधारण शंभर ते दीडशे चौरस फुटांची असते आणि न्हाणीघरही त्यातच येते. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. आपल्या बाजारातला लहान गाळा डोळ्यांसमोर आणा आणि त्यात दोन पलंग, कपाट, आरसा, न्हाणीघर, तीन बॅगा आणि तीन मोठी माणसे ठेवून पाहा. दोघांना ही जागा पुरते. तिसरा आला की प्रत्येक हालचालीला दुसऱ्याची परवानगी लागते.

तिसरा बेड म्हणजे नेमके काय

तिसऱ्या माणसाची तजवीज दोन प्रकारे करतात. एक, भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा बर्थ. रेल्वेच्या अप्पर बर्थसारखाच, शिडीने चढायचा. खोलीची साफसफाई करणारा कर्मचारी रात्री तो पाडतो आणि सकाळी परत मिटवतो. दुसरा, सोफा उघडून केलेला बेड. हा जमिनीलगत असल्याने चढण्याचा त्रास नाही. मात्र तो उघडला की चालायची वाट अडते. रात्री न्हाणीघरात जायचे तर इतरांना ओलांडून जावे लागते.

विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्याला अप्पर बर्थ म्हणजे काय ते सांगायला नको. फरक एवढाच की गाडीत ती एका रात्रीची गोष्ट असते आणि सकाळी मुंबई येते. जहाजात त्याच शिडीवर तीन-चार रात्री चढायचे आणि मध्यरात्री लघवीला उतरायचेही. गुडघे दुखणारा, मधुमेही, जाडजूड किंवा साठीच्या पुढचा माणूस वर चढवू नये. बर्थला वजनाची मर्यादा असते, तीही विचारून घ्यावी.

आणखी एक बारीक मुद्दा. खालचे दोन पलंग जोडून डबल बेड होतो किंवा वेगळे ठेवता येतात. काही खोल्यांत पलंग जोडले की वरचा बर्थ नीट वापरता येत नाही. नवरा-बायको आणि आई अशी तिघे असतील तर पलंग कसे राहतील आणि आई कोठे झोपेल, हे बुकिंगच्या वेळीच ठरवावे. त्या लहान खोलीत आडपडदा नसतो. कपडे बदलायचे तर न्हाणीघरातच. सून आणि सासरे, दीर आणि भावजय अशी माणसे एका खोलीत ठेवण्याचा विचारच करू नये, मग दर कितीही किफायतशीर असो.

आता हिशेब

जाहिरातीत "प्रति व्यक्ती" भाव छापतात. तो एका खोलीत दोघे राहतील असे धरून असतो. तिसऱ्याचे मूळ भाडे बहुधा कमी असते. बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क मात्र तिघांनाही सारखे पडते. उलट एकट्याने खोली घेतली तर दीडपट, अनेकदा दुप्पट भाडे लागते.

हे समजण्यासाठी काही आकडे धरू. हे कोणत्याही कंपनीचे दर नाहीत. तीन रात्रींची सफर, आतल्या खोलीचे भाडे दोघांना प्रत्येकी २२,००० रुपये, तिसऱ्याला १३,०००. खिडकीच्या खोलीचे प्रत्येकी २८,०००, तिसऱ्याला १६,०००. शुल्क व कर दर माणशी ७,०००.

आतल्या एका खोलीत तिघे : ४४,००० अधिक १३,००० अधिक २१,०००, एकूण ७८,०००. म्हणजे माणशी २६,०००. जाहिरातीतले २२,००० येथेच मागे पडले.

खिडकीच्या एका खोलीत तिघे : ५६,००० अधिक १६,००० अधिक २१,०००, एकूण ९३,०००.

आतल्या दोन खोल्या, एकीत दोघे व दुसरीत एक : एकट्याला दीडपट भाडे असेल तर ४४,००० अधिक ३३,००० अधिक २१,०००, एकूण ९८,०००. दुप्पट असेल तर १,०९,०००.

आता पाहा. एकट्याला दीडपट भाडे लावले तर खिडकीच्या एका खोलीपेक्षा आतल्या दोन खोल्या फक्त ५,००० रुपयांनी महाग आहेत. त्या ५,००० रुपयांत दुसरे न्हाणीघर मिळते, शिडी चढावी लागत नाही आणि आडपडदा राहतो. समुद्र पाहायला वरचा उघडा डेक सर्वांना मोकळा असतोच. दुप्पट भाडे लावले तर फरक १६,००० होतो, तेव्हा घरात कोणाची किती गरज आहे हे पाहून ठरवावे.

चौथा सोबती मिळाला तर चित्र बदलते. आतल्या दोन खोल्यांत चौघे : ८८,००० अधिक २८,०००, एकूण १,१६,०००. माणशी २९,०००. एका खोलीत तिघे कोंबण्यापेक्षा माणशी ३,००० रुपयेच जास्त. तिरोडा, आमगाव, देवरीचे व्यापारी एकाच स्कीममध्ये असतील तर त्यांनी आपसात बोलून जोड्या लावून घ्याव्यात.

जागा कोठली निवडावी

नवेगावबांधच्या तळ्यात नावेत बसलेल्यांना माहीत आहे की, टोकाला बसणाऱ्याला हेलकावे जास्त आणि मधल्याला कमी. जहाजाचेही तेच. लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. ज्यांना बसमध्ये मळमळते त्यांनी हीच मागावी. अगदी पुढच्या खोलीत नांगराचा आवाज येतो, मागच्या खालच्या खोलीत यंत्राचा. नाचगाण्याच्या सभागृहाच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या लगेच खाली खोली नको, मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. खिडकीची खोली घेताना बाहेर बचाव-नौका टांगलेली नाही ना, हे विचारावे. नाहीतर समुद्राचे पैसे देऊन नौकेची पाठ पाहावी लागते.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो. २०२३ च्या पावसाळ्यात 'एम्प्रेस' चेन्नईहून श्रीलंकेकडे चालवण्यात आले. मुंबईहून जायचे तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा.

"खोली जहाजात चढताना मिळेल" अशी स्वस्त तिकिटेही असतात. दोघा तरुणांना ती परवडतात. तिघांनी, त्यातही सोबत वृद्ध असेल तर, खोलीचा नंबर ठरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बर्थ रिकामा असूनही नकार का मिळतो

खोलीत वरचा बर्थ दिसतो, तरी कंपनी कधी तिसऱ्याला नकार देते. यामागे लबाडी असतेच असे नाही. प्रत्येक प्रवाशाला बचाव-नौकेत जागा नेमून द्यावी लागते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये यासंबंधी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजाच्या त्या भागातील खोल्यांच्या वाट्याची नौका भरली की खोलीत जागा असूनही माणूस घेता येत नाही. म्हणून तिसऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी द्यावे. "नंतर बघू" म्हणणाऱ्याला नंतर बहुधा नकारच मिळतो.

दोन खोल्या घेतल्या तर दोहोंची आणीबाणीत जमण्याची जागा एकच आहे का, हेही पाहावे. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डियाचा अपघात झाला. त्यानंतर, २०१५ पासून, जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच प्रवाशांना जमण्याचा सराव देणे बंधनकारक आहे. तो टाळू नये.

काही रोजच्या गोष्टी

न्हाणीघराला उंचसा उंबरठा असतो, वृद्धांना आधीच सावध करावे. जुन्या जहाजांत विजेचे प्लग कमी असतात आणि इस्त्री नेऊ देत नाहीत. मोठ्या कडक सुटकेसऐवजी पलंगाखाली सरकणारी मऊ बॅग न्यावी. तिघांनी सकाळी न्हाणीघराच्या वेळा वाटून घ्याव्यात.

नमाजासाठी जागा हवी तर सोफा-बेडपेक्षा मिटणारा बर्थ सोयीचा, कारण दिवसा जमीन मोकळी राहते. जहाज वळले की खोलीही वळते, हे लक्षात असू द्यावे. मुंबईहून गोव्याकडे जाताना किब्ला साधारण जहाजाच्या उजव्या अंगाला येतो, परतताना डाव्या. सोबत होकायंत्र ठेवावे. मांसाहार हलाल आहे की नाही, याचे उत्तर तोंडी घेऊ नये.

गाडीला उशीर होतो हे धरून मुंबईला एक दिवस आधी पोहोचावे. जहाज कोणासाठी थांबत नाही.

बयाण्यापूर्वी लेखी घ्यावयाची उत्तरे

१. जहाजाचे नाव, खोलीचा नंबर, मजला आणि चौरस फूट किती?
२. तिसरा बेड बर्थ आहे की सोफा? वजनाची मर्यादा किती?
३. खालचे पलंग वेगळे राहतील का?
४. तिघांची मिळून, सर्व शुल्क व करांसह, एकूण रक्कम किती?
५. दोन खोल्या घेतल्यास एकट्याला दीडपट भाडे की दुप्पट?
६. तिघांतला एक जण आला नाही तर उरलेल्या दोघांचा दर बदलेल का, आणि किती पैसे परत मिळतील?
७. जेवणाबाबत आपल्या अटी मान्य आहेत का?

पॅकेज कंपनीकडून बक्षीस मिळालेले असले तरी हे प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. तिसऱ्याचे पैसे आपण खिशातून देतो, तेव्हा आपण गिऱ्हाईकच आहोत. आपल्या दुकानात गिऱ्हाईक थान उलगडून, पन्हा मोजून मगच पैसे देते आणि आम्ही त्याचा राग धरत नाही. उत्तरे आली की पक्के बिल घ्यावे आणि दोन्ही कागद सफर पुरी होईपर्यंत जपून ठेवावेत.