टेन्सरफ्लोमधले व्हेरिएबल आणि प्लेसहोल्डर

जुना टेन्सरफ्लो कोड वाचताना नवशिके हमखास इथेच अडखळतात. दोन्ही दिसायला सारखे, पण काम अगदी वेगळं.

हाताने लिहिलेले आकडे ओळखायचं एमनिस्टचं उदाहरण घ्या. प्रत्येक चित्र 28 बाय 28, म्हणजे 784 पिक्सेलचं. ते बाहेरून येतं, म्हणून त्याच्यासाठी प्लेसहोल्डर. आकार लिहायचा 'नन, 784'. हे 'नन' मला फार आवडतं! एका वेळी किती चित्रं देणार हे आधी ठरवावंच लागत नाही. 1 द्या, नाहीतर 100 द्या. प्रत्यक्ष डेटा जातो सेशन चालवताना, फीड डिक्टमधून. तो दिला नाही की एरर ठरलेली.

व्हेरिएबल मात्र मॉडेलचं स्वतःचं. साध्या एका थराच्या मॉडेलमध्ये 784 गुणिले 10 वेट्स आणि 10 बायस, एकूण 7850 आकडे. ट्रेनिंगच्या प्रत्येक पायरीला ऑप्टिमायझर हेच बदलतो, चेकपॉइंटमध्येही हेच सेव्ह होतात. वापरण्याआधी इनिशियलाइझ मात्र करावे लागतात.

2019 मध्ये टेन्सरफ्लो 2 आलं आणि प्लेसहोल्डरची गरज संपली. डेटा थेट फंक्शनला द्यायचा. व्हेरिएबल आजही आहेत. जुना कोड हाती आला तर आधी त्यातले प्लेसहोल्डर शोधा, मॉडेलला बाहेरून काय हवंय ते लगेच कळेल.